बाबांना कोण उचलणार

बाबांना बिछान्यातून उचलून खुर्चीत बसवणं घरात एकालाच जमायचं, आणि तोच सैन्यात निघाला होता.

त्याला सगळे लंबू म्हणत. शाळेत म्हणत, फर्निचरच्या कारखान्यात म्हणत, पुढे पलटणीतही म्हणू लागले, कारण त्याच्याकडे बघून कुणाला दुसरं काही सुचायचंच नाही. घरातल्या प्रत्येक दारात त्याला मान वाकवावी लागे. स्वयंपाकघरातल्या दिव्यावर त्याचं कपाळ इतक्यांदा आपटलं होतं की ताईनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, त्या दिव्याला चिंध्या गुंडाळून ठेवल्या होत्या. दिवा फुटू नये म्हणून, कपाळाची काळजी म्हणून नव्हे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगायची.

बाबा गोदीत क्रेन चालवायचे. सगळं आयुष्य त्यांनी उंचावरच्या काचेच्या पेटीत बसून काढलं. तिथे कुणाचं बोलणं ऐकू जायचं नाही, म्हणून खाली उभा असलेला माणूस हातानं खुणा करायचा. तर्जनी वर करून फिरवली की उचल. खाली करून फिरवली की उतरव. चिमूट उघडली-मिटली की हळू. आणि मूठ वर आली की थांब. मूठ साहेबाची असो, झाडूवाल्याची असो, नाहीतर कुणी चुकून केलेली असो, थांब म्हणजे थांब. मूठ दिसल्यावरही ज्यानं वजन वीतभर वर नेलं, त्याला बाबा माणसात धरत नसत. घरीसुद्धा त्यांचं निम्मं बोलणं हातानंच चाले. चहात साखर पुरे झाली की मूठ. पोरं भांडायला लागली की मूठ. आई होती तेव्हा म्हणायची, "मला नवरा मिळालाच नाही, सिग्नल मिळालाय."

आई गेली, आणि तिच्यामागोमाग एका सकाळी बाबांची डावी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली. डोकं शाबूत राहिलं, उजवा हात शाबूत राहिला, बाकीचं अंग परक्याचं असल्यासारखं बिछान्यावर पडून राहिलं.

दोघा भावंडांनी कामं वाटून घेतली. ताई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची आणि चौकटीत बसवायची. अवघड काच असली की मालक ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे. घरी आली की स्वयंपाक, औषधं, कपडे तिच्याकडे. बाबांना उचलणं लंबूकडे. सकाळी कामावर जायच्या आधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन, आणि संध्याकाळी. त्याची पद्धत अगदी सरळ होती. बाबांच्या काखांत दोन्ही हात घालायचे, पाठीमागे बोटं अडकवायची आणि एका हिसक्यात वर. बाबा उंचीनं बेताचे, हा ताडमाड. बाबा तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायचे. लंबूला वाटायचं, पोरानं उचलायची पाळी आली म्हणून लाज वाटत असेल.

पहिलं वर्ष त्यानं सगळं हौसेनं केलं. नंतर हौस आटली, काम तेवढंच राहिलं. त्या खोलीत मलमाचा, ओल्या चादरीचा आणि बंद खिडकीचा असा एक वास होता, की कारखान्यात लाकडाला रंधा मारतानाही तो लंबूच्या नाकातून जायचा नाही. बाबांवर त्याचा जीव होता. त्या खोलीचा त्याला उबग आला होता. दोन्ही खरं होतं, आणि दुसरं खरं त्यानं कुणाला सांगितलं नाही.

म्हणून सैन्यात भरती सुरू झाल्याचं कळलं तेव्हा तो कुणाला न विचारता जाऊन उभा राहिला. एवढं उंच आणि दणकट पोर कोण नाकारणार? घरी येऊन म्हणाला, "पक्का पगार आहे, मुदत भरली की पुढे कायमही होता येतं. कारखान्याचं काय, आज आहे, उद्या नाही."

ताई कांदा चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबांना कोण उचलणार?"

"तू. मी शिकवतो ना तुला."

"मला?" आता तिनं मान वर केली. ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती.

त्यानं शिकवलं. आधी स्वतः बिछान्यावर आडवा झाला आणि तिला म्हणाला, "उचल मला." तिनं काखांत हात घातले, जोर लावला आणि दोघंही हसत खाली पडली. मग खरोखरच्या बाबांवर प्रयोग झाला. काखांत हात, बोटं अडकव, हिसका. पहिल्यांदा जमलं नाही. पुन्हा जमलं नाही. मग ताईनं दात-ओठ खाल्ले, लालबुंद झाली, पाय थरथरले, आणि बाबा खुर्चीत जाऊन बसले. बसले कसले, पडले. "जमलं!" ताई ओरडली. लंबूचा जीव भांड्यात पडला. बाबांच्या हाताकडे कुणी बघितलं नाही. दोघंही ताईच्या पायांकडेच बघत होती.

निघायच्या दिवशी बाबांना खिडकीपाशी बसवलं होतं. लंबू पिशवी खांद्यावर टाकून रस्त्यावर आला आणि त्यानं वर बघितलं. बाबांनी उजवा हात उचलला, तर्जनी वर करून फिरवली. उचल. लंबूला भरून आलं. बाबांनी आपल्याला मोकळं केलं, असं त्याला वाटलं. कोपऱ्यावर वळल्यावर त्याची पावलं आपोआप भराभर पडायला लागली, आणि ते लक्षात येताच त्याची त्यालाच शरम वाटली. पण पावलं काही हळू झाली नाहीत.

छावणीत लंबू सुखात होता. हे सांगायला बरं वाटत नाही, पण होता. बाकीची पोरं पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आली. कुणाला आई आठवे, कुणाच्या टाचा सोललेल्या. हा गडी रोज पोटभर जेवे आणि पाठ टेकली की घोरायला लागे. त्याला पूल जोडणाऱ्या तुकडीत घातलं. लोखंडाच्या भल्या मोठ्या चौकटी गाडीवरून उतरवायच्या, खांद्याला खांदा लावून न्यायच्या, एकीत एक अडकवून खिळा ठोकायचा. नायक "उचल" म्हणाला की उचलायचं, "ठेव" म्हणाला की ठेवायचं. ठेवलेली चौकट ठेवली तिथे राही. तिला कूस बदलून द्यावी लागत नसे, आणि ती भिंतीपलीकडून हाक मारत नसे.

रविवारी तो घरी फोन करायचा. ताई म्हणायची, "सगळं ठीक आहे. तू नीट जेवतोस ना?" तिच्या आवाजात थकवा असायचा. लंबू ते "ठीक" तेवढं उचलायचा आणि बाकीचं सोडून द्यायचा, कारण तसं करणं सोयीचं होतं.

मग एका दुपारी जखमींना कसं हलवायचं हे शिकवायला एक परिचारिका आली. तीही सैन्यातलीच, अंगानं एवढीशी, आवाजानं मात्र अख्ख्या मैदानाला पुरणारी. "तुमच्यातलं सगळ्यात मोठं धूड कोण?" तिनं विचारलं. सगळ्यांनी एकदम लंबूकडे बोट केलं. "ये, झोप इथे. तुझी डावी बाजू लुळी पडलीय असं समज."

लंबू आडवा झाला. तिनं त्याचे गुडघे दुमडले, त्याला कुशीवर वळवून खाटेच्या कडेला बसवलं, कमरेला रुंद पट्टा बांधला, त्याच्या गुडघ्यांना आपले गुडघे टेकवले. पट्टा धरून त्याला थोडं पुढे झुकवलं, मागे नेलं, पुन्हा पुढे झुकवलं, आणि लंबू उभा होता. कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. ती दमलीसुद्धा नव्हती.

"माणसाला उचलायचं नसतं," ती म्हणाली. "त्याला उठायला मदत करायची असते. काखेत हात घालून कुणी ओढलं ना, तर मी त्याचे हात मोडीन. लुळा खांदा त्यानं निखळतो. ज्याला ओढता तो बोंब मारतो, आणि ओढणाऱ्याची कंबर जाते ती वेगळीच. घरी करतं का कुणी असं?"

कुणी हात वर केला नाही. लंबूनंही नाही.

त्या संध्याकाळी त्यानं घरी फोन केला. मुद्दाम केला. ताईनं विचारलं, "काय शिकवलं आज?"

"काही खास नाही," तो म्हणाला. "पट्ट्या बांधायला."

का म्हणाला? सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण सांगितलं असतं तर ताई म्हणाली असती, म्हणजे आम्ही इतके दिवस चुकीचं करतोय? मग म्हणाली असती, फोनवर काय कळतंय, येऊन दाखव. आणि त्याच आठवड्यात परदेशी जाणारी तुकडी निवडली जाणार होती. समुद्रापलीकडच्या एका देशात लढाई थांबली होती, नद्यांवरचे पूल मोडून पडले होते, आणि ते बांधायला माणसं हवी होती. रजा मागणारा माणूस त्यात बसणार नव्हता. सुट्टीत गेलो की दाखवू, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि स्वतःचं म्हणणं लगेच मान्य केलं.

निवडीच्या दिवशी सुभेदार म्हणाले, "कुणावर सक्ती नाही. घरी अडचण असेल त्यानं..." त्यांचं वाक्य संपायच्या आत लंबूचा हात वर गेला होता. एवढ्या उंचीवर गेलेला हात कुणाच्या नजरेतून सुटणार? घरी मात्र त्यानं सांगितलं, "हुकूम आलाय. माझ्या हातात काही नाही."

"हुकूम म्हटल्यावर काय," ताई म्हणाली.

मधे सुट्टी मिळाली नाही. त्याला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं ते सुटल्यासारखं.

तिकडचा देश उघडाबोडका होता. तपकिरी नद्या, चिखल, छपरं उडालेली घरं. पण काम झोकात चाललं होतं. लंबूनं तिथे लोखंड इतकं उचललं की तुकडी त्याला बिनपेट्रोलची क्रेन म्हणायला लागली. पहिला पूल पुरा झाला त्या दिवशी दोन्ही काठांवर माणसं उभी होती. सगळ्यांच्या आधी पलीकडून एक मध्यमवयाचा माणूस निघाला. त्याच्या हातगाडीत गोधडीवर एक म्हातारा बसला होता, आणि तो माणूस प्रत्येक सांध्यापाशी गाडी थांबवून म्हाताऱ्याला काहीतरी विचारत होता. तुकडीनं टाळ्या वाजवल्या. लंबू हेल्मेटचा पट्टा घट्ट करायच्या निमित्तानं मान खाली घालून उभा राहिला. तेव्हापासून त्याचं मन त्याला खायला लागलं. दिवसभर कामात बरा असायचा. संध्याकाळी ताट पुढे आलं की ती हातगाडी दिसायची. सांगू, येत्या रविवारी सांगू, असं म्हणता म्हणता रविवार जात राहिले.

आणि एका रविवारी फोन ताईनं उचललाच नाही. शेजारच्या काकूंनी उचलला.

"ताई झोपलीय," काकू म्हणाल्या. "म्हणजे तशी जागी आहे, पण झोपून आहे. कंबर गेली रे तिची. बाबांना उचलत होती, कडकन आवाज आला म्हणे. दोघंही खाली. बाबांना काही लागलं नाही, घाबरू नकोस. ती होती ना खाली."

लंबू म्हणाला, "काकू, फोन तिथेच समोर ठेवा. तोंडं दिसतील असा लावा. मी दाखवतो काय करायचं ते."

तुकडीत एक ढेरपोट्या स्वयंपाकी होता, त्याला गोणी म्हणत. लंबूनं त्याला पकडून आणलं, खाटेवर आडवा केला, कमरेला पट्टा बांधला. तिकडे काकूंनी फोन कपाटाला टेकवून ठेवला होता. पडद्यावर बाबांचा बिछाना दिसत होता, आणि बिछान्याच्या पायथ्याशी जमिनीवर अंथरुणात ताई. लंबू एकेक गोष्ट सांगत होता. आधी कूस. मग पाय खाली. आता गुडघ्याला गुडघा. गोणीला आपली भूमिका फारच आवडली होती. प्रत्येक हालचालीला तो "आई गं, मेलो गं" म्हणून विव्हळत होता.

"मी असं ओरडत नाही," तिकडून बाबांचा जड आवाज आला.

काकू पदर खोचून पुढे झाल्या. तशा त्याही काही पैलवान नव्हत्या. त्यांनी पट्टा बांधला, गुडघे टेकवले, बाबांना पुढे झुकवलं, मागे नेलं, पुढे झुकवलं. आणि बाबा उठले. हळूच वळून खुर्चीत बसले. "अगं बाई," काकू म्हणाल्या, "हे तर काहीच नाही!"

गोणीनं टाळ्या वाजवल्या. ताई जमिनीवरून वर बघत होती. ती हसली नाही.

"हे तुला कधी शिकवलं?" तिनं विचारलं.

लंबूला खोटं सुचलं होतं. जिभेवर आलंही होतं. पण ती त्या अंथरुणातून जशी बघत होती, तसं बघणाऱ्या माणसाला खोटं सांगवेना. "छावणीत," तो म्हणाला.

"म्हणजे मागच्या उन्हाळ्यात?"

"हो."

एरवी तो फोन बोलता बोलता हमखास तुटायचा. आज तुटावा म्हणून लंबू वाट बघत राहिला आणि तो ठणठणीत चालू राहिला.

"बरं," ताई म्हणाली, आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती ओरडली असती तर लंबूनं मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं. त्या "बरं"चं काय करायचं ते त्याला कळेना. पुढे कित्येक महिने चौकटी उचलताना, खिळे ठोकताना, तो शब्द त्याच्या डोक्यात बसून होता.

तो घरी आला तेव्हा ताई हिंडू-फिरू लागली होती. कपड्यांवरून कमरेला रुंद पट्टा होता, आणि खाली पडलेली वस्तू उचलायची असली की ती आधी थांबून तिच्याकडे नुसतं बघायची. बाबांच्या खोलीची खिडकी उघडी होती. बिछाना भिंतीपासून हलवला होता. बाबांना ताई आणि काकू आळीपाळीनं उठवत होत्या, त्या छोट्या परिचारिकेच्या पद्धतीनं, आणि त्यांचं तिघांचं असं काही जमलं होतं की लंबूला मधे हात घालायला जागा नव्हती. दोन दिवस तो पाहुण्यासारखा वावरला. दिव्यावर कपाळ आपटून घेतलं, तर ताईनं बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी तिघं जेवायला बसली. चष्म्याच्या दुकानाचा मालक दुसऱ्या गावात नवं दुकान काढत होता आणि ते ताईनं सांभाळावं असं त्याच्या मनात होतं. तिनं एकदा नाही म्हटलं होतं, त्यानं पुन्हा विचारलं होतं. हे लंबूला काकूंकडून कळलं होतं. त्याची सैन्यातली मुदतही भरत आली होती. पुढे राहणार की सुटणार, हे रजा संपायच्या आत कळवायचं होतं. त्यानं घास खाली ठेवला.

"ताई, हुकूम आला नव्हता. मी स्वतःच हात वर केला होता."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "हुकूम आलेल्या माणसाच्या आवाजात शीळ नसते."

"तुला राग नाही आला?"

"आला होता. अजून आहे. कंबर दुखली की जास्त येतो. काय करू, सांग."

लंबू खाली बघत म्हणाला, "मी परत जाणार नाही. तू दुकान घे. बाबांना मी बघतो."

ताईचा हात ताटावरच थांबला. बऱ्याच वर्षांत कुणी तिला काही दिलं नव्हतं, आणि आता दिलं तर ते घ्यावं की नाही, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. तिनं बाबांकडे बघितलं.

"नको," बाबा म्हणाले.

"बाबा?"

"दुसरं कुणी ठेवा. काकूंना विचारा. तो नको."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली आणि भांडी घेऊन आत गेली. लंबूला तर कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आपण सोडून गेलो त्याचा हा राग, असं त्यानं धरलं, आणि तो राग रास्तच आहे असंही धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दुकानात गेली होती. काकू नातीला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या, तिथे गर्दीत अडकल्या. लंबू बाहेरच्या खोलीत बुटांना पॉलिश करत बसला होता. आतून बाबांनी हाक मारली.

"ताई आली?"

"नाही."

"काकू?"

"अजून नाही." लंबू दारात येऊन उभा राहिला. "बाथरूमला जायचंय का?"

बाबा छताकडे बघत राहिले. जायचं होतं हे दिसत होतं. त्यांचा चेहरा आवळलेला होता.

"एवढा नकोसा झालो मी?" लंबू म्हणाला. "सोडून गेलो म्हणून?"

"जाण्याचं काय घेऊन बसलास," बाबा म्हणाले. "पोरं जातात. मीच म्हटलं ना, उचल."

"मग?"

बाबांना लांब वाक्य जड जायचं. त्यांनी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. "तू मूठ बघायचा नाहीस. खांद्यात कळ यायची. मी मूठ करायचो. तू खिडकीकडे बघत ओढायचास. शेवटी शेवटी तर रोज. एकदा तुझ्या नाकासमोर धरली. बाजूला केलीस."

लंबूला ते आठवलं. आठवायला नको होतं, पण लख्ख आठवलं. दुपारची वेळ होती, कारखान्यात परत जायला उशीर होत होता, आणि तोंडापुढे तो हात आला होता. वाटेतली फांदी सारावी तसा त्यानं तो सारला होता, आणि मग हिसका दिला होता, नेहमीपेक्षा जोरानं. जोरानं का, हे त्याला तेव्हाही माहीत होतं.

"तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो की. मूठ म्हणजे बोलणंच." बाबांनी प्रथमच त्याच्याकडे बघितलं. "हातात राग होता तुझ्या. मला भीती वाटायची. पोटच्या पोराची. तू आत आलास की डोळे मिटायचो. तू जातो म्हणालास ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं."

इतके दिवस लंबू जाण्याचा अपराध उरावर घेऊन हिंडत होता. ताईची कंबर, लपवलेली पद्धत, वर केलेला हात, सगळ्याचा हिशेब त्यानं मनाशी मांडला होता. खरा अपराध त्या सगळ्याच्या आधीचा होता, याच खोलीत रोज तीनदा केलेला, आणि तो त्याच्या हिशेबात कुठेच नव्हता. तो बिछान्याच्या कडेला खाली बसला. "बाबा, माझं चुकलं. मी..."

"ते नंतर," बाबा म्हणाले. "आधी ने मला. नाहीतर चादर बदलावी लागेल."

लंबूनं पट्टा आणला. हात थंड होते म्हणून ते आधी मांड्यांवर चोळले. कूस. पाय खाली. पट्टा. गुडघ्याला गुडघा. बाबांचा उजवा हात त्याच्या छातीसमोर होता आणि लंबूची नजर त्या हातावरून ढळत नव्हती. तर्जनी वर झाली, फिरली. त्यानं बाबांना पुढे झुकवलं, मागे नेलं, पुन्हा पुढे झुकवून उठवायला लागला. आणि निम्म्यावर मूठ आली.

तो थांबला. बाबा अर्धे उठलेले, हा अर्धा वाकलेला. सगळा भार त्याच्या मांड्यांवर आणि कमरेवर होता. खाली ठेवता येत नव्हतं, वर नेता येत नव्हतं. "दुखलं का?" त्यानं विचारलं. मूठ तशीच होती. लंबूच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या, कपाळावरचा घाम भुवईत उतरला. आणि त्याच्या लक्षात आलं की बाबांना काही दुखत नाहीये. ते डोळे उघडे ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो थांबून राहिला. मग चिमूट उघडली-मिटली. हळू. मग तर्जनी.

बाथरूमपर्यंत दोघे रखडत गेले. लंबूनं त्यांना नीट बसवलं, पट्टा सैल केला, दार लोटून घेतलं आणि बाहेर जमिनीवर बसला. पाय लांब केले तर ते समोरच्या भिंतीला टेकले. त्याला रडू येत होतं आणि आत ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं बाही तोंडात धरली होती.

"आहेस का रे?" आतून बाबांनी विचारलं.

"आहे."

"ताईला सांग, दुकानाला हो म्हण म्हणावं."

"सांगतो."

आत पाण्याचा आवाज झाला. मग बाबा म्हणाले, "पण पहिला महिना काकू इथे उभ्या राहतील. तू उठवताना. मला अजून तुझी भीती वाटते."

"हो, बाबा," लंबू म्हणाला.